विदर्भातल्या सिकलसेलचा अर्धा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी होते तेव्हा पहिली पायरी असते सोल्युबिलिटी चाचणीची. बोटाला टोचून घेतलेलं थेंबभर रक्त परीक्षानळीतल्या द्रावणात सोडतात. त्या द्रावणात तांबड्या पेशी फोडणारा एक पदार्थ असतो आणि सोडियम डायथायोनाइट असतं. डायथायोनाइटचं काम एकच, हिमोग्लोबिनपाशी असलेला ऑक्सिजन काढून घेणं. काही मिनिटं थांबून नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ वाचता आल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, आणि मग माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्या. पहिल्या पायरीची ही सगळी खटपट ऑक्सिजनच्या अभावावर उभी आहे. ऑक्सिजन असेल तोवर सिकलचं हिमोग्लोबिन आणि साधं हिमोग्लोबिन नळीत सारखंच वागतं. तो काढून घेतला की वेगळेपण उघडं पडतं. पण नोंदवहीत उतरतं ते एवढंच : ‘एए’ (निरोगी), ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण). ऑक्सिजन नळीतच राहतो. विदर्भातल्या सिकलसेलचा इतिहासही आपण असाच लिहिला आहे. कोणाच्या रक्तात कोणता जनुक, कुठल्या जमातीत किती टक्के, तो आला कुठून, हे सगळं त्यात भरपूर आहे. शरीरात ऑक्सिजन कमी पडतो त्या जागी नेमकं काय घडतं आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्यात कोणता वाटा उचलतात, हा अर्धा भाग गेल्या चाळीसेक वर्षांत उलगडला तरी आपल्याकडच्या कथनात शिरलेला नाही. तो शिरल्याशिवाय एसएस असलेल्या दोघा भावंडांपैकी एकाला वर्षातून एकदा कळ का येते आणि दुसऱ्याला दर महिन्याला का, याचा उलगडा होत नाही, असं माझं म्हणणं आहे.

ऑक्सिजनकडे झालेलं हे दुर्लक्ष मुळापासूनचं नाही. १९०४ च्या अखेरीस शिकागोतल्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा, वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला दिसल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्या जगासमोर मांडल्या. हेरिकना कारण ठाऊक नव्हतं. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी या दोघांनी साधा पण नेमका प्रयोग केला : पेशींवरून वेगवेगळे वायू सोडले. ऑक्सिजन घटला की पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, परत सोडला की पूर्ववत गोल व्हायच्या. १९४० मध्ये हॅम आणि कॅसल यांनी त्यावरून आजाराचं पहिलं सुसंगत चित्र रेखाटलं. पेशी वाकल्या की रक्त घट्ट होतं, घट्ट रक्त रेंगाळतं, रेंगाळलेल्या रक्तातला ऑक्सिजन आजूबाजूच्या पेशी शोषून घेतात, आणि ऑक्सिजन घटला की आणखी पेशी वाकतात. हे दुष्टचक्र आजही पाठ्यपुस्तकात आहे. त्याच्या केंद्रस्थानी वाहिनी आहे, रेंगाळणं आहे, वेळ आहे, हे लक्षात ठेवावं. कारण नऊच वर्षांनी हे केंद्र हललं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी सिकलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं हे दाखवलं आणि सिकलसेल हा रेणूचा आजार आहे अशी घोषणा केली. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसल्याचं सिद्ध केलं. एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीने एवढा मोठा आजार! विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राच्या उत्तम कथांपैकी ही एक आहे, आणि उत्तम कथेचा दोष हा की ती सांगताना बाकीचं झाकोळून जातं.

भारतात सिकलसेल दिसला तो नेमका या कथेच्या ऐन भरात. १९५२ मध्ये हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला, त्याच वर्षी डनलॉप आणि मजुमदार यांनी वरच्या आसामातल्या चहामळ्यांवरच्या मजुरांमध्ये त्याची नोंद केली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि विदर्भ या नकाशावर चढला. तेव्हा यवतमाळसकट सगळा विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात होता. महाराष्ट्र व्हायला दोन वर्षं बाकी होती. नागपूरच्या या लेखाने एक गोष्ट स्पष्ट केली : हा केवळ डोंगरातल्या जमातींचा विषय नव्हे, महारांसारख्या गावगाड्यातल्या समाजातही हा जनुक आहे. तरी यानंतरच्या तीन दशकांत प्रश्न विचारले गेले ते मुख्यतः वंशाचे. लेहमन यांना सिकलच्या जनुकात भारत, अरबस्तान आणि आफ्रिका यांना जोडणारा प्राचीन धागा दिसत होता. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी बीटा-ग्लोबिन जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासून आशियातला सिकल स्वतंत्रपणे उगवला असावा असं मांडलं. १९८९ मध्ये लॅबी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या वेगवेगळ्या आदिवासी गटांमधला सिकल एकाच मुळाचा असल्याचं सांगितलं. २०१८ मध्ये श्राइनर आणि रोटिमी यांनी जगातला सगळाच सिकल एका उगमाचा असल्याचा उलट दावा केला. वाद रंजक आहे. पण पोटऱ्या धरून रात्रभर विव्हळणाऱ्या मुलाच्या दुखण्याशी त्याचा संबंध फार थोडा.

यवतमाळला या कथेत जागा मिळाली तीही अशीच, जमातींच्या यादीतून. जिल्ह्याचा पूर्व आणि दक्षिण भाग, म्हणजे जुन्या कागदपत्रांत वणी जिल्ह्यात मोडणारा मुलूख, वर्धा आणि पैनगंगेच्या मधला. १९०५ च्या फेररचनेत वणी जिल्ह्याला पुसद जोडून यवतमाळ जिल्हा झाला. इथे गोंड, परधान, कोलाम, आंध हे समाज आहेत. त्यांपैकी कोलाम शासनाच्या लेखी महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक; त्यांच्या वस्त्यांना इथे पोड म्हणतात, आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडेही तेच लोक आहेत. सिकलचा जनुक एका बाजूने मिळाला तर हिवतापापासून काही संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. जंगल, नद्या-नाले आणि हिवताप यांची पिढ्यान्पिढ्यांची संगत असलेल्या या मुलखात तो जनुक टिकून राहिला यात नवल नाही. इथवरचं स्पष्टीकरण जनुकाच्या कथेत चपखल बसतं. अडचण सुरू होते ती यापुढे.

कारण हिमोग्लोबिनच्या कथेतच एक फट होती, आणि ती १९७४ मध्ये हिमोग्लोबिनचाच अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिली. हॉफ्रिश्टर, रॉस आणि ईटन यांनी मोजलं की ऑक्सिजन सुटल्याबरोबर सिकलच्या हिमोग्लोबिनचे धागे लगेच तयार होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग ते झपाट्याने वाढतात. हा मधला थांबा किती लांब, हे पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर ठरतं, आणि ते अवलंबित्व अचाट आहे : दाटपणाच्या जवळजवळ तिसाव्या घाताइतकं. पेशीतलं पाणी थोडं कमी झालं की थांबा कित्येक पटींनी आखूड होतो. आता हिशेब मांडावा. केशवाहिनीतून तांबडी पेशी साधारण सेकंदाभरात पार होते. बहुतेक पेशींचा थांबा त्याहून लांब असतो, म्हणून त्या वाकण्याआधीच फुप्फुसाकडे निसटतात आणि पुन्हा ऑक्सिजन घेतात. म्हणजे एसएस माणसाचं रक्तही बहुतेक वेळ अडत नाही. अडतं तेव्हा, जेव्हा पेशीला वाटेत काहीतरी रोखून धरतं. मग रोखून कोण धरतं? या प्रश्नाचं उत्तर हिमोग्लोबिनमध्ये सापडणार नव्हतं.

ते शोधायची सोय नुकतीच झाली होती. १९७३ मध्ये एरिक जाफी आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळाच्या नाळेतल्या शिरेतून अस्तराच्या पेशी, म्हणजे एंडोथेलियमच्या पेशी, वेगळ्या काढून काचपात्रात वाढवून दाखवल्या. तोवर हे अस्तर म्हणजे आतून लावलेला गुळगुळीत मुलामा अशीच समजूत होती. १९७९ मध्ये हूव्हर यांच्या गटाने आणि १९८० मध्ये रॉबर्ट हेबल यांच्या गटाने सिकलच्या पेशी या अस्तराला साध्या पेशींपेक्षा जास्त चिकटतात हे सिद्ध केलं. हेबल यांनी तर चिकटण्याचं प्रमाण आणि रुग्णाच्या आजाराची तीव्रता यांचा मेळ बसतो असं मांडलं. पुढे काउल, फॅब्री आणि नागेल यांनी १९८९ मध्ये वाहत्या रक्तात हे चिकटणं कुठे होतं ते पाहिलं : केशवाहिन्या संपून सूक्ष्म शिरा सुरू होतात त्या जागी. तिथे रक्ताचा वेग मंद आणि ऑक्सिजन नुकताच काढून घेतलेला. आधी लवचिक, तरुण पेशी भिंतीला चिकटून वाट अरुंद करतात, मग मागून आलेल्या ताठ, दाट पेशी तिथे अडतात. हॅम आणि कॅसल यांच्या चक्रातलं ‘रक्त रेंगाळतं’ हे वाक्य चार दशकांनी असं पुरं झालं.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सिकलसेलच्या बाहेर घडला. ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशीला कळतं कसं, हा प्रश्न ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांनी वेगवेगळ्या वाटांनी सोडवला आणि त्याबद्दल २०१९ चं नोबेल त्यांना मिळालं. थोडक्यात यंत्रणा अशी. पेशीत एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही विकरं तोच ऑक्सिजन वापरून एचआयएफच्या ठरावीक जागी खूण करतात. ती खूण ओळखून व्हीएचएल हे दुसरं प्रथिन त्याला पकडतं आणि पेशी त्याचा चुरा करते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, एचआयएफ शिल्लक राहतं, केंद्रकात जातं आणि डीएनएवरच्या ठरावीक जागांना बिलगून जनुकं चालू करतं. १९९० च्या दशकात ही यंत्रणा अस्तराच्या पेशींमध्येही आहे हे कळत गेलं. इतकंच काय, एचआयएफचा दुसरा भाऊ १९९७ मध्ये सापडला तेव्हा तो एंडोथेलियममध्ये भरपूर दिसला म्हणून त्याचं बारसंही एंडोथेलियमच्या नावाने झालं. त्याआधी १९९१ मध्ये स्टेला कुरेम्बानास यांच्या गटाने काचपात्रातल्या मानवी अस्तर-पेशींना कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलं, तर त्या एंडोथेलिनचं जनुक जोमाने चालवू लागल्याचं आढळलं. एंडोथेलिन हे वाहिनी आवळणारं जबरदस्त द्रव्य आहे. २००५ मध्ये मॅनालो, सेमेन्झा आणि सहकाऱ्यांनी धमनीच्या अस्तर-पेशींवर सरसकट मोजणी केली आणि हिशेब लागला तो असा की एकट्या एचआयएफ-१ च्या प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हुकमाखाली माणसाच्या सगळ्या जनुकांपैकी दोन टक्क्यांहून अधिक जनुकं येतात. जनुकांसोबत पेशींची चालही बदलली : त्या आपल्याखालच्या पायाभूत पडद्यात घुसू लागल्या, नळ्या रचू लागल्या. एरवी फरशीसारखी बसून राहणारी पेशी ऑक्सिजनच्या टंचाईत जागा सोडून निघते.

हे ज्ञान सिकलसेलशी जोडलं तेव्हा चित्र पालटलं. १९९६ मध्ये सेट्टी आणि स्टुअर्ट यांनी दाखवलं की कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या अस्तराला सिकलच्या पेशी जास्त चिकटतात, आणि त्या चिकटण्यामागे व्हीकॅम-१ या पृष्ठभागावरच्या रेणूचा हात आहे. (इथे सगळंच श्रेय एचआयएफला देऊ नये, व्हीकॅम-१ चालू करण्यात दाहाशी संबंधित दुसरी यंत्रणा पुढे असते.) १९९७ मध्ये हेबल यांच्याच गटाला रुग्णांच्या रक्तात वाहिनीच्या अस्तरातून सुटून वाहत आलेल्या, चेतलेल्या पेशी सापडल्या, कळ उठलेली असताना त्या जास्त होत्या. आणखी एक दुवा आहे. रक्त कमी पडलं की मूत्रपिंडात हीच एचआयएफची यंत्रणा एरिथ्रोपोएटिन सोडायला लावते, त्याने अस्थिमज्जा अर्धवट वयाच्या तांबड्या पेशी घाईने बाहेर ढकलते, आणि या कोवळ्या पेशींच्या अंगावरच व्हीकॅम-१ ला धरणारे हात शाबूत असतात. म्हणजे टंचाई एकाच वेळी भिंत चिकट करते, वाहिनी आवळते आणि चिकटणाऱ्या पेशींचा पुरवठाही वाढवते. १९४० च्या चक्रात एक फेरा होता. आता त्यात तीन-चार फेरे एकमेकांत अडकलेले दिसतात, आणि त्यांतले बहुतेक वाहिनीच्या भिंतीतून जातात.

पेशींच्या चालीचा परिणाम डोळ्यात सर्वांत उघड दिसतो. दृष्टिपटलाच्या कडेच्या बारीक धमन्या बंद पडल्या की पलीकडचा भाग ऑक्सिजनविना राहतो. तिथल्या पेशी एचआयएफच्या वाटेने व्हीईजीएफ हे नव्या वाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन सोडतात. १९९२ मध्ये शवैकी, केशेट आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनची टंचाई व्हीईजीएफ वाढवते हे दाखवलं होतं. व्हीईजीएफच्या दिशेने अस्तराची आघाडीची पेशी बोटांसारखे तंतू पसरून सरकते आणि मागच्या पेशी तिच्यामागे वाहिनी घडवत जातात. उंदराच्या दृष्टिपटलात हे होल्गर गेरहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टिपलं. सिकलच्या डोळ्यात अशा नव्या वाहिन्यांचे झुबके फुटतात. डोळ्यांचे डॉक्टर त्यांना सी-फॅन म्हणतात. या नाजूक वाहिन्यांतून रक्त झिरपतं, त्या पडदा ओढून काढू शकतात, आणि रुग्णाला तोवर काहीच जाणवलेलं नसतं. इथे तांबडी पेशी वाकून वाहिनी बंद झाली हा पहिला अंक. त्यानंतरचा सगळा बिघाड अस्तराच्या पेशींनी, स्वतःच्या जनुकांच्या हुकमाने, उपाय म्हणून केलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे : मूळ जनुकच नसता तर भिंतीचं काय बिघडलं असतं? काहीच नाही. डोंगरावर चढणाऱ्या, झोपेत घोरणाऱ्या लाखो लोकांच्या वाहिन्यांना ऑक्सिजनची टंचाई भोगावी लागते. त्यांना सिकलची कळ येत नाही. काउल आणि हेबल यांचा २००० सालचा प्रयोग याच आक्षेपाच्या बाजूने वाचता येतो. त्यांनी सिकलचं हिमोग्लोबिन असलेले उंदीर आणि साधे उंदीर काही तास कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून परत साध्या हवेत आणले. साध्या उंदरांना फारसं काही झालं नाही. सिकलच्या उंदरांच्या सूक्ष्म शिरांमध्ये पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू लागल्या, दाह पेटला. म्हणजे जनुक हवाच. पण त्याच प्रयोगाचा दुसरा अर्थ तितकाच ठाम आहे : सिकलच्या उंदरातही टंचाईचा धक्का देईपर्यंत भिंत एवढी पेटली नव्हती. जनुक ही अट आहे. आजार ही घटना आहे. अट जन्मभर तीच राहते, घटना कधी घडते कधी घडत नाही. इतिहास लिहायचा तर घटनेचा लिहावा लागतो.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या डॉक्टरांमध्ये जास्त ऐकू येतो. तीव्रतेतला फरक समजायला भिंत कशाला हवी, गर्भातलं हिमोग्लोबिन पुरे आहे. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच नवजात बाळांच्या रक्तात सिकलिंग कमी होतं हे ओळखलं होतं, आणि अरब-भारतीय प्रकारच्या सिकलमध्ये गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोठेपणीही बरंच टिकतं. १९८६ मध्ये कर, सर्जंट आणि सहकाऱ्यांनी ओडिशातल्या रुग्णांबद्दल लिहिलं तेव्हा त्यांचा आजार जमैकातल्या रुग्णांपेक्षा सौम्य दिसला, त्याचं हे एक कारण. तिथे अल्फा थॅलेसेमियाही पुष्कळ आढळतो, तोही मदतीला. त्यावरून भारतातला सिकल सौम्यच, अशी समजूत रूढ झाली. ती विदर्भात टिकली नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या नोंदी मांडल्या तेव्हा वारंवार कळ येणारी, रक्त चढवावं लागणारी, गंभीर संसर्ग होणारी मुलं समोर आली. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला : वाहक आयांची दोन हजारांहून अधिक बाळं तपासली, त्यांत शंभरावर बाळं आजाराची निघाली, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असूनही काहींना लहानपणीच गंभीर त्रास झाला. गर्भातलं हिमोग्लोबिन ढाल आहे यात वाद नाही. पण ढाल जवळपास सारखी आणि जखमा निरनिराळ्या, तर वाराचा विचार करावा लागतो. संसर्ग, ताप, पाणी तुटणं, थंडी यांतलं प्रत्येक कारण शेवटी पेशीतलं हिमोग्लोबिन दाट करतं, नाहीतर अस्तर चेतवून वाट अडवतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड आहे. भिंतीचं हे सगळं ज्ञान बहुतांशी काचपात्रातलं आहे, नाळेच्या शिरेतल्या पेशींवरचं, एक टक्का ऑक्सिजनमध्ये चोवीस तास ठेवून मिळवलेलं. पोडावरच्या मुलीच्या प्लीहेत असं स्थिर एक टक्का काही नसतं. तिथे ऑक्सिजन मिनिटामिनिटाला वरखाली होतो, रक्त वाहतं, थांबतं, परत सुटतं. शिवाय भिंतीवर थेट नेम धरलेलं औषध फसलंच. पेशी ज्याच्या आधारे भिंतीला चिकटतात ते पी-सिलेक्टिन अडवणारं क्रिझानलिझुमॅब अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, पुढच्या मोठ्या चाचणीत ते उतरलं नाही आणि युरोपने २०२३ मध्ये परवानगी काढून घेतली. हा पुरावा मी झटकत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही पाहावं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घट्ट धरायला लावून वाकणंच रोखणारं व्हॉक्सेलोटर त्याच वर्षी मंजूर झालं. रक्ताचा आकडा वाढला, कळा मात्र त्या मानाने कमी झाल्या नाहीत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने कळांचं आणि मृत्यूंचं प्रमाण पाहून ते जगभरातून मागे घेतलं. एक औषध फक्त भिंतीवर चाललं, दुसरं फक्त हिमोग्लोबिनवर. दोन्ही फसली ती जिथे रक्त आणि भिंत मिळून चक्र फिरवतात तिथे.

टिकलं ते जुनं हायड्रॉक्सीयुरिया, आणि ते का टिकलं हे पाहण्यासारखं आहे. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत २९९ प्रौढ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांना वर्षाला सुमारे अडीच कळा आल्या, न घेणाऱ्यांना साडेचार. औषध निवडलं होतं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी. पण काही रुग्णांना ते हिमोग्लोबिन पुरेसं वाढायच्या आधीच बरं वाटू लागलं. पुढे कळलं की हे औषध पांढऱ्या पेशी कमी करतं, कोवळ्या तांबड्या पेशींचा चिकटपणा घटवतं, पेशींमधलं पाणी टिकवायला मदत करतं. चक्राच्या अनेक फेऱ्यांना ते एकदम थोडाथोडा खो घालतं. नागपुरात जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गंभीर आजार असलेल्या साठ मुलांवर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या ठरावीक कमी डोसाची चाचणी प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे सहन होईल तितका डोस चढवत नेण्याची गरज न पडता कळा एकदम उतरल्या. डोस कमी म्हणजे धोकाही कमी आणि देखरेखही सोपी. त्यासाठी मुख्यतः वेळोवेळी रक्तातल्या पेशींची मोजणी लागते, आणि ती तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयातही होते.

मग चूक जनुक मोजण्यात आहे का? नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असा त्याचा संकल्प आहे. तपासणीशिवाय रुग्ण सापडत नाही, आणि लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डं पाहून निर्णय घेणं हा त्या त्या कुटुंबाचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला तो रुग्ण ओळखले गेले म्हणूनच. पण निर्मूलन या शब्दाच्या पोटात जनुकाचीच कथा बसली आहे : वाहक-वाहक लग्नं टळली की काम झालं. आज झरी-जामणीत जी मुलं एसएस म्हणून जगत आहेत त्यांच्यापुरता हा हिशेब लागू नाही. त्यांच्या आयुष्यात कळीचं आहे ते वेगळं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा शेतावर, मजुरीवर प्यायला किती पाणी हाताशी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच्या गारठ्यात पोर उघडं पडतं का. ताप आल्यावर किती तासांत औषध पोटात जातं. हायड्रॉक्सीयुरिया महिनाभर पुरेल एवढं मिळतं की दहा दिवसांचं. पाण्याचा हिशेब तर तिसाव्या घाताचा आहे हे वर आलंच. या गोष्टी आरोग्यशिक्षणाच्या पत्रकात शेवटच्या चार ओळींत ‘काळजी घ्या’ म्हणून छापल्या जातात, जणू त्या वैद्यकाच्या बाहेरच्या आहेत. अस्तराच्या पेशींवरचं गेल्या चाळीस वर्षांचं काम सांगतं की औषध जिथे पोचतं, त्याच जागी त्याही पोचतात.

मोजायचं असेल तर या बाजूनेही मोजता येईल. आश्रमशाळेतल्या एसएस मुलाच्या नावापुढे जनुकाचा प्रकार एकदाच लिहायचा असतो. कळ कोणत्या तारखेला उठली, आदल्या दिवशी ताप होता का, किती दिवस गोळी चुकली होती, हे प्रत्येक वेळी लिहावं लागतं. वयात आलेल्या रुग्णाच्या दृष्टिपटलाची कड बाहुली मोठी करून पाहिली का, हा रकानाही त्यात हवा, कारण तिथे सरकणाऱ्या पेशी दुखत नाहीत. अशा दोन-तीन वर्षांच्या नोंदी पांढरकवडा आदिवासी विकास प्रकल्पातल्या शाळांतून हाती आल्या, तर जनुक सारखा असताना आजार वेगळा का होतो या प्रश्नावर यवतमाळकडे स्वतःचा पुरावा असेल. १९५८ पासून नमुने इथून गेले आणि निष्कर्ष बाहेरून आले. या नोंदींसाठी मात्र नमुना कुठेच पाठवावा लागत नाही.